भाऊबीजेचा दुसरा दिवस

दिवाळी सरत आली की जुन्नरला सकाळी शिवनेरीच्या अंगानं धुकं उतरतं आणि बाजारात कांद्याची रोपं येतात. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या जुड्या, मुळांना चिकटलेली माती, वर हिरवे शेंडे. या रोपांना कांद्याचा झणका नसतो, एक कच्चा, ओला वास असतो. तो नाकात गेला की मी पिशवी उचलून चालू लागते. बाकीच्यांना या दिवसांत चकली आठवते, उटणं आठवतं, पोरांनी अंगणात केलेले किल्ले आठवतात. मला रजिस्ट्रार कचेरीचं अंगण आठवतं.

माझा नवरा म्हणतो, तुला सणांचं वावडं आहे. सणांचं नाही. मला धास्ती आहे ती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची. नव्वदच्या दशकात, मी शाळा-कॉलेजात असताना, त्या दिवशी कचेरी उघडायच्या आत जीपा येऊन उभ्या राहायच्या. जीपमधून आधी भाऊ उतरायचे, मग बहिणी. बहिणींच्या अंगावर आदल्या दिवशी ओवाळणीत मिळालेली कोरी साडी, घडी न मोडलेली, चालताना फडफडणारी. बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावांच्या नावानं सोडून द्यायचा, याला हक्कसोड म्हणतात. बहिणी माहेरी आलेल्याच असतात, परत जायच्या आत काम उरकून घ्यायचं, म्हणून हा दिवस. आत कारकून विचारायचा, "राजीखुशीनं सोडता ना?" बहीण भावाकडं बघायची आणि हो म्हणायची. अंगठ्याची शाई केसांना पुसायची. मग समोरच्या हॉटेलात भजी आणि चहा, आणि जीप एकेकीला सासरच्या फाट्यावर सोडून यायची. कुणी रडायचं नाही. कुणावर जबरदस्ती झालेली दिसायची नाही. सगळं इतकं हसतखेळत व्हायचं की त्यात काही वावगं आहे असं म्हणणाराच वेडा ठरावा. तो वेडा माझा बाप होता.

अप्पांची वकिली त्या अंगणाला लागूनच चालायची. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, दोन बाकडी, खुर्चीच्या पाठीला टांगलेला काळा कोट. दिवसा कोर्ट, आणि कोर्ट सुटलं की लोक. कुणाच्या पोराला जातीचा दाखला मिळत नाही, चला तहसीलमध्ये. कुणाच्या पोरीला वसतिगृहात जागा हवी, लिहा अर्ज. रविवारी विहारात वंदना झाली की हे तिथंच मांडी घालून बसायचे आणि बायामाणसांना सातबारा कसा वाचायचा ते शिकवायचे. आई म्हणायची, "भाजा, लष्कराच्या भाकऱ्या भाजा." अप्पा म्हणायचे, "घरच्या भाकरीत कधी खाडा पडला का?" खाडा पडला नव्हता हे खरंच. रविवारचं मटण ते स्वतः करायचे, माझ्या परीक्षेला पहिल्या पेपराला दारापर्यंत सोडायला यायचे, आणि आई आजारी पडली की माझ्या वेण्या घालायचे. वेण्या वाकड्या यायच्या, पण घट्ट असायच्या.

हक्कसोडाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. बहिणीला एकटीला आत बोलवायचं, भावांना बाहेर बसवायचं, आणि तिच्यासोबत एक कप चहा प्यायचा. तो चहा संपेपर्यंत तिला सांगायचं, की बाई, हा तुझा वाटा आहे, तो तुला कुणी दिलेला नाही, तो तुझाच आहे. आता सोडायचा की ठेवायचा ते तू ठरव. एवढंच. सोड म्हणायचे नाहीत, ठेव म्हणायचे नाहीत. पण भावांना हा चहा फार झोंबायचा. "आमच्या घरात काडी घालतोय वकील," असं म्हणत ते दुसऱ्या वकिलाकडं जायचे. अप्पांना लोकांनी नावच पाडलं, बहिणींचा वकील. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त होता.

आणि गंमत अशी की चहा पिऊनही बहुतेक जणी सहीच करायच्या. घाटघरची एक बाई मला अजून दिसते. भातखाचरातला वाटा सोडायला आली होती. चार भाऊ बाहेर उन्हात. तिनं सगळं ऐकून घेतलं, बशी पालथी घातली आणि म्हणाली, "साहेब, मी सही करनार हाय. पन अजून एक चा सांगा. भावांना जरा वाटू दे, मी इचार करतेय." अप्पांनी दुसरा चहा मागवला. ती सावकाश प्यायली, मजेत, दाराबाहेर भावांची चुळबुळ बघत. मग उठून गेली आणि अंगठा देऊन आली. त्या दिवशी अप्पांनी तिचे दोन्ही कप स्वतः विसळले. मला मात्र त्या बाईचा अभिमान वाटला होता आणि रागही आला होता, दोन्ही एकदम.

का सोडतात? मी तेव्हा अप्पांना विचारायची. ते म्हणायचे, "माहेर राहावं म्हणून." वाटा मागितला की माहेर तुटतं, हे प्रत्येकीला ठाऊक असतं, कुणी सांगावं लागत नाही. बाळंतपणाला कुठं जाणार, नवऱ्यानं मारलं तर कुणाच्या दारात उभं राहणार, मेल्यावर साडी कोण आणणार? या सगळ्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा काय मोठा, असा तो हिशोब. मला तो हिशोब कधी पटला नाही. भाऊ बहीण गमवायला का भीत नाही, त्याला ती नको असते का, असं मी विचारलं की अप्पा म्हणायचे, "कोर्टात विचार हे." आणि हसायचे.

आता अप्पा थकलेत. कोर्ट सोडलं, ऐकू कमी येतं. कचेरीत आता संगणक आलेत, शाईच्या जागी यंत्रावर बोट ठेवतात, फोटो निघतो. जीपांच्या जागी बोलेरो आल्या. साड्या मात्र तशाच, घडी न मोडलेल्या. दर वर्षी त्या दिवशी संध्याकाळी मी गेले की अप्पा ओट्यावर बसल्या बसल्या विचारतात, "आज गर्दी होती का गं?" मी हो म्हणते. मग ते बराच वेळ रस्त्याकडं बघत बसतात, आणि आम्हा दोघांनाही ठाऊक असतं की ते कुठल्या वर्षाकडं बघताहेत.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते ते वर्ष. आजोबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ओतूरजवळच्या आमच्या गावात आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन होती. पुण्याच्या कारखान्यात राबून, पोटाला चिमटा काढून घेतलेली. आमच्या वस्तीतल्या कुणाकडं असं बागायती रान नव्हतं, म्हणून त्या रानाचा आमच्या घराला जीव की प्राण. आजोबा गेले आणि वारस म्हणून तिघांची नावं लागली: थोरले तात्या, मग कमलआत्या, मग आमचे अप्पा. रान कसायचे तात्या एकटेच.

तात्यांविषयी वाईट लिहायला माझा हात उचलत नाही. सातवीतून शाळा सोडून त्यांनी नांगर धरला, तो अप्पा शिकावेत म्हणून. अप्पा पुण्यात कायदा शिकत असताना तात्या रोज पहाटे फाट्यावर यायचे आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती भाकरीचं फडकं द्यायचे. पाऊस असो, ताप असो. अप्पांच्या अंगावर पहिला काळा कोट चढला तेव्हा तात्या कोर्टाच्या फाटकाबाहेर उभे राहून तो बघत होते. आत यायला लाजत होते. त्या माणसापुढं अप्पांची मान कायम खाली. आमच्या घरात भाजी कुठली करायची हेही तात्या आले की तात्यांना विचारायचे.

तर दिवाळीच्या आठवडाभर आधी तात्या अप्पांच्या ऑफिसात आले. मी तिथंच अभ्यास करत बसले होते. बाकड्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "रतन, भाऊबीजेला कमल येतीया. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन येतो. कागूद तयार ठेव."

अप्पांनी पेन खाली ठेवलं. "दादा, तिला विचारलंस?"

"त्यात काय इचारायचं? समद्यांच्या बहिणी सोडत्यात. उद्या तिच्या सासरची लोणीची मानसं येऊन आपल्या बांधावर उबी ऱ्हायली तर चालंल का तुला?"

"आधी तिच्याबरोबर चहा पिईन. मग बघू."

तात्या हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की अप्पा हसत नाहीयेत. "म्हंजे? मला बी भाईर बसवणार? सख्ख्या भावाला?"

अप्पा म्हणाले, "हो, दादा."

तात्यांसमोरचा चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली. ते टोपी घालून निघून गेले आणि मी पहिल्यांदा अप्पांच्या कपाळावर घाम बघितला, तोही थंडीच्या दिवसांत.

त्यानंतरची दिवाळी म्हणजे घरात कुणीतरी आजारी असावं तशी गेली. आई भांडी आपटायची नाही, उलट फार हळू ठेवायची. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी घेऊन यायचा. पारावर म्हणे चर्चा आहे: वकील लोकांच्या बहिणींना शिकवतो, आता बघू स्वतःच्या बहिणीला काय शिकवतो. तिनं सही केली तर म्हणणार, लोका सांगे ब्रह्मज्ञान. नाही केली तर म्हणणार, ज्या भावानं शिकवलं त्याच्यावरच उलटला. अप्पा दोन्हीकडून मेलेच होते. रात्री त्यांना झोप लागायची नाही हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळायचं.

आणि कमलआत्या? तिला काय हवं होतं हे त्या गडबडीत कुणीच विचारत नव्हतं. लोणीला तिच्या सासरी कोरडवाहू माळ. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा घरी. दोन मुली. कार्तिक लागला की आत्या टोळीबरोबर कांदे लावायला जायची, लोकांच्या रानात, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उकिडवी. तिच्या बोटांची टोकं सपाट झाली होती. तिच्याइतकं सरळ ओळीत लावणारं कुणी नव्हतं, आणि तिला त्याचा तोराही होता. मला एकदा म्हणाली होती, "सुजे, लोकांची रानं लावून लावून माजी बोटं झिजली. आपल्या बापाच्या रानात एक वाफा लावीन तवा मला आराम पडंल." मी तेव्हा ते बोलणं हसण्यावारी नेलं होतं, कारण ती ते हसतच बोलली होती.

आमच्या घरी लक्ष्मीपूजन नाही. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच देव्हारा उठला, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. पण भाऊबीज बंद करणं काही आजोबांना जमलं नाही आणि अप्पांनाही नाही. आत्या म्हणायची, "भावाला ववाळायला देव कशाला लागतो?" त्यामुळं त्या वर्षीही गावच्या घरी पाट मांडले गेले. आत्या मंचरला गाडी बदलून आली होती, दोन्ही मुलींना घेऊन. तिनं आधी तात्यांना ओवाळलं, मग अप्पांना. तात्यांनी ताटात साडी ठेवली. मोरपंखी, जरा भारीतली. दर वर्षीपेक्षा भारीतली, हे सगळ्यांनी पाहिलं. तात्या म्हणाले, "उद्या हीच नेस. जुन्नरला जायचंय." आत्यानं साडीवरून हात फिरवला. पोत चांगला आहे, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आलीही तीच साडी नेसून. अंगणात जीपांची गर्दी, बहिणींची गर्दी. तात्या अप्पांच्या ऑफिसात न येता बाहेर लिंबाखाली उभे राहिले, पाठ करून. आत आत्या, अप्पा आणि चहा देणारी मी.

अप्पांनी बशी पुढं केली. नेहमीचं बोलणं मला पाठ होतं. बाई, हा तुझा वाटा आहे, तो तुझाच आहे. पण अप्पा ते बोललेच नाहीत. ते हळूच म्हणाले, "आक्का, तू सही करून टाक. दादाचं मन राहील. माझा वाटा मी तुझ्या नावावर करून देतो. तुझंही काम होईल, घरही तुटणार नाही."

रात्र रात्र जागून शोधलेली वाट होती ती. मला तर त्या क्षणी माझा बाप फार मोठा वाटला. मी आत्याकडं बघितलं, ती आता रडेल म्हणून.

आत्यानं कप खाली ठेवला. "भाईर त्या बाया उब्या हायेत," ती म्हणाली. "त्यांना बी आसंच सांगतोस का? की सही करा, माजा वाटा घ्या?"

अप्पांनी आपली बशी बाजूला सरकवली.

"रतन, तुजं मला नको. तू दिलंस तर ती ववाळणी झाली. ववाळणी मला काल मिळाली, ही बग आंगावर हाय. मला माज्या बापाचं पायजे."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बहिणींना जे सांगितलं, ते स्वतःच्या बहिणीच्या तोंडून ऐकताना अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. वकिलाला तडजोडीची सवय असते. कुणाचंच फार नुकसान होऊ नये, सगळ्यांनी हात मिळवून घरी जावं, यात त्याची हुशारी. तीच हुशारी ते घरात वापरायला गेले. आपण दान देतोय आणि समोरची हक्क मागतेय, हे त्यांच्यासारख्या माणसालाही दिसलं नाही. प्रेमापोटी दिसलं नाही, पण दिसलं नाही.

आत्या उठली, पदर खोचला आणि बाहेर लिंबाखाली गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. तात्यांचं मात्र अख्ख्या अंगणानं ऐकलं. "मग घे! घे की! हिरीच्या वरली पट्टी घे तुला! कोन लावतंय ते बगतो मी, आन पानी कोन देतंय त्ये बी बगतो!"

जीपांजवळच्या बाया थांबल्या. एकीचा शाईचा अंगठा केसांपर्यंत गेलेला तसाच राहिला. आणि अप्पा, जे आतापर्यंत आरोपीसारखे बसले होते, ते ताडकन उठून बाहेर आले. कोट न घालताच. म्हणाले, "दादा, बोललास. चार माणसांत बोललास. विहिरीच्या वरची पट्टी आक्काची." त्याच दिवशी उन्हं कलायच्या आत गावी जाऊन त्यांनी पट्टीच्या दोन्ही टोकांना दगड पुरले. तात्या लांब उभे राहून बघत होते. रागात का होईना, दिलेला शब्द मागं घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्यानंतर तात्या आत्याशी बोलायचे बंद झाले. अप्पांशीही. महिन्याभरानं आत्या रोप घेऊन आली. लोणीला शेजाऱ्याच्या विहिरीवर तिनं दसऱ्यालाच वाफा टाकला होता. म्हणजे ती आधीच ठरवून बसली होती, असं गावात लोक म्हणाले. असेलही. किंवा कुणाच्या तरी रानात लावायला मिळेल म्हणून टाकलं असेल. मी तिला विचारलं नाही. पट्टीत वाफे पाडून झाले होते, वस्तीतल्या बायांची टोळी ठरली होती, आदल्या संध्याकाळी रोप उपटून जुड्या बांधल्या होत्या. उपटलेलं रोप फार थांबत नाही, एखाद-दोन दिवसांत मान टाकतं.

सकाळी टोळी आलीच नाही.

दव सुकलं, ऊन वर आलं, एक बाई आली नाही. नवऱ्यांनी सांगितलं होतं, वकिलाच्या बहिणीच्या रानात पाय ठेवायचा नाही. आज ही लावेल, उद्या तुम्ही माहेरी जाऊन मागाल, आणि परवा आमच्या बहिणी येतील. आत्या, आई, मी आणि आत्याच्या दोन मुली, एवढ्या जणी वाफ्यात उतरलो. अप्पाही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसले. त्यांची रोपं वाकडी लागायची आणि आत्या मागून येऊन ती पुन्हा लावायची. पोत्यांतली रोपं संपत नव्हती. अख्खी पट्टी पडली होती.

सूर्य डोक्यावर येत होता तेव्हा बांधावर काकू दिसल्या. तात्यांच्या बायको. हातात खुरपं. काकू तोंडानं कधीच फार बोलायच्या नाहीत. तात्या ज्या खोलीत असतील त्या खोलीत तर नाहीच. चार-पाच वर्षांपूर्वी त्याही एका जीपमधून येऊन आपल्या माहेरचा वाटा सोडून गेल्या होत्या, अप्पांच्या ऑफिसाकडं न बघता. त्या बांधावरून उतरल्या, आत्याच्या शेजारी बसल्या आणि जुडी उचलून शेंडे खुडायला लागल्या.

आत्या म्हणाली, "वयनी, दादा कावंल."

"कावू दे," काकू म्हणाल्या. "माजं मी सोडून आले. हितं तरी लावू दे मला."

त्या खाली मान घालून लावत राहिल्या. आत्याचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. आणि काकू आल्यावर मग वस्तीतूनही बाया यायला लागल्या. एक आली, मग तिची जाऊ, मग तिघी एकदम, कुणी नवऱ्याला सांगून, कुणी न सांगता. तिसऱ्या प्रहरी सगळी पट्टी लावून झाली होती. मी बांधावर उभी राहून पाहिलं. ओळीच ओळी, पण सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. कोरड्यात लावलेल्या कांद्याला त्याच दिवशी पाणी लागतं.

लाइट आली होती. शेजारच्या रानातल्या मोटरीचा आवाज येत होता. आमच्या विहिरीवर तात्या बसले होते, मोटरीच्या पेटीला टेकून. पेटीतले फ्यूज त्यांनी सकाळीच काढून बंडीच्या खिशात घातले होते.

अप्पा त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. मातीनं भरलेले पाय, दुमडलेली पँट. तात्यांनी वरही पाहिलं नाही. "वकील म्हणून आलायस का भाऊ म्हणून?"

"भाऊ म्हणून."

"मग गप घरी जा."

अप्पा तिथंच उभे राहिले. पाण्यासाठी कोर्टातून मनाई आणता आली असती, हे त्यांच्याइतकं तिथं कुणाला कळत नव्हतं. आणि ती येईस्तोवर रोपांचं गवत झालं असतं, हेही. कायद्यानं जेवढं होण्यासारखं होतं तेवढं दोन दगडांपाशी संपलं होतं. मी तेव्हा अप्पांचा हात धरला होता का, की त्यांनी माझा, ते आता आठवत नाही. भीती मात्र आठवते. सगळ्या बाया वाफ्यांत उभ्या होत्या, काकू सगळ्यांत पुढं, आणि एवढ्या माणसांत फक्त शेजारची मोटर वाजत होती.

मग आत्या आली. हौदात तिनं कोपरापर्यंत हात धुतले, माती काढली, आणि सरळ पेटीपाशी जाऊन दार उघडलं. आत फ्यूजच्या रिकाम्या जागा. तिनं ओला तळहात तात्यांपुढं धरला.

"फ्यूज दे, दादा."

"हीर माजी हाय."

"हीर बापानं खांदली. गाळाच्या पाट्या तू वाह्यल्यास आन मी वाह्यल्या. रतन तवा पाळण्यात व्हता. तुला आठवतंय न्हवं?"

तात्यांनी पट्टीकडं पाहिलं. तिथून ओळी दिसत होत्या, आणि शेतकऱ्याच्या डोळ्याला मान टाकलेलं रोप दिसल्याशिवाय राहत नाही. त्यांचा जबडा हलला. हात बंडीच्या खिशात गेला आणि तिथंच राहिला. आत्याचा हात तसाच पुढं, त्यावरून पाणी टपकत होतं. मला वाटलं, आता ते उठून जातील, आणि हे घर कायमचं संपलं.

तात्यांनी मूठ बाहेर काढली. आत्याच्या हाताजवळ आणली आणि झटकन मागं घेतली.

"आदी हात पूस," ते खेकसले. "वल्या हातानं फ्यूज लावतीस व्हय? मरशील की!"

भाऊबीजेनंतर तात्या तिच्याशी भाऊ म्हणून बोललेलं ते पहिलं वाक्य. आत्यानं पदराला हात पुसले, नीट, बोटांच्या बेचक्यांतून, आणि पुन्हा पुढं केले.